मागे केलेला हात

लोकांच्या लक्षात राहील असं चित्र काढणं हे त्याचं कामच होतं, आणि अठ्ठावीस वर्षं तो ते इमानेइतबारे करत आला होता. लिफ्टच्या दारात हात घालू नका, औषधाची बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, जिन्यात सामान रचू नका, अशी शहरभर लागलेली निम्मीअधिक सूचनाचित्रं त्याच्या टेबलावरून गेली होती. खाली कुठेही त्याची सही नव्हती. बायको कधीमधी चेष्टा करायची की इतक्या लोकांना इतकी वर्षं ‘करू नका’ म्हणणारा माणूस घरात मात्र कोणाला एका शब्दाने काही म्हणत नाही. तो हसण्यावारी न्यायचा. न बोलता समोरच्याला सांगता येणं यातच आपली जी काय असेल ती हुशारी आहे, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

ऑफिसची एक पद्धत होती. कुठलंही चित्र छापायला जाण्याआधी त्याची चाचणी व्हायची. रस्त्यावरून तीस माणसं बोलावून आणायची, कोणीही, शिंपी, शिक्षिका, निवृत्त पोस्टमन. त्यांना चहा द्यायचा आणि भिंतीवर बारा चित्रं दाखवायची, प्रत्येक चित्र चार सेकंद. मग काही न विचारता घरी पाठवायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ती परत आली की चाचणीच्या बाई एकेकाला समोर बसवून एकच प्रश्न विचारायच्या, काल काय पाहिलं? समोरचा सांगेल ते शब्दाला शब्द लिहून घ्यायचं, सुधारायचं नाही, आठवण करून द्यायची नाही, आणि तो थांबला तर फक्त ‘आणि?’ म्हणायचं. ज्याने चित्र काढलं त्याने त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही असा नियम होता. पण खोलीला एक लाकडी आडोसा होता, आडोशामागे स्टूल होतं, आणि त्यावर बसून ऐकायला कोणाची हरकत नव्हती. त्या स्टुलाने भल्याभल्यांचा तोरा उतरवला होता.

रस्ता ओलांडण्याच्या चित्राने त्याच्या नाकी नऊ आणले. त्याने ते तीन वेळा काढलं. एकदा पांढऱ्या पट्ट्यांवर चालणारा माणूस काढला, एकदा लाल पंजा, एकदा करकचून थांबलेली मोटार. तिन्ही वेळा तिसांपैकी दोघांतिघांनाच काहीतरी आठवलं, आणि त्यातल्या एकाने तर ती बुटांची जाहिरात असल्याचं ठामपणे सांगितलं. इकडे शाळेजवळच्या मोठ्या चौकात दर महिन्याला कोणी ना कोणी गाडीखाली येत होतं. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना आकड्यांची भाषा तेवढी कळायची. तिसऱ्या चाचणीचा कागद त्याच्यापुढे सरकवत ते म्हणाले, “कलावंत, माणसं मरतायत आणि आपण पट्टे रंगवत बसलोय.”

तो कागद घेऊन बाहेर आला. बाई फायली लावत होत्या. त्या या खात्यात त्याच्याही आधीपासून होत्या, आणि लोक काय विसरतात याची त्यांच्याएवढी माहिती कोणालाच नसेल.

“रस्त्यात कोणाला काय रस असणार?” त्या मान वर न करता म्हणाल्या. “स्वतःचं काहीतरी दिसलं तरच माणूस लक्षात ठेवतो. मागच्या खेपेला एक आजी बारा चित्रांतली फक्त किटली घेऊन आल्या. का, तर तशी त्यांच्या आईकडे होती.”

“माझं चित्र त्यांचं कसं होणार, बाई?”

“आधी तुमचं तरी होऊ दे,” बाई म्हणाल्या.

ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. कारण त्याच्याकडे असं एक चित्र होतं, आणि ते आपण कधीही काढायचं नाही असं त्याने फार पूर्वी ठरवलं होतं.

त्याला एक ताई होती. त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आईवडील दोघेही दिवसभर कामावर, त्यामुळे त्याला वाढवलं तिनेच. तो सतत तिच्या मागे मागे असायचा म्हणून ती त्याला ‘शेपूट’ म्हणायची. शाळेला जाताना एक रुंद रस्ता ओलांडावा लागे. कडेला पोचलं की ती थांबायची, वाहनांकडे नजर लावून, त्याच्याकडे वळूनही न बघता, आपला उजवा हात मागे करायची, तळहात उघडा, बोटं जराशी फाकलेली. तो हात छातीला लागला की थांबायचं, एवढं त्याला कळायचं. ती सत्ताविसाव्या वर्षी तापाने गेली. पुढे घर बदलताना माळ्यावरच्या पेटीत पाणी शिरलं आणि आल्बमचे सगळे फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला. आता तिला पाहिलेलं असं त्याच्याशिवाय जगात कोणी उरलं नव्हतं, आणि तिचा चेहरा होता तो एकट्या त्याच्या डोक्यात.

म्हणूनच त्याने तिला कधी कागदावर आणलं नव्हतं. वडील गेल्यावर त्याने त्यांचं पेन्सिलीने एक चित्र काढलं होतं, चांगलं साधलंही होतं, पण तेव्हापासून वडील आठवायला गेलं की ते पेन्सिलीतलेच आठवायचे, गालावरच्या तिरप्या रेघांसकट. खरे वडील त्या कागदामागे कुठेतरी गेले ते परत आलेच नाहीत. ताईच्या बाबतीत ही चूक करायची नाही, अशी त्याने मनाशी गाठ बांधली होती.

ती गाठ त्याने एका मंगळवारी दुपारी सोडली. वीस मिनिटांत चित्र झालं. फुटपाथची कड, पलीकडे शाळेचं फाटक, आणि कडेला पाठमोरी उभी असलेली, किंचित मान वळवलेली एक मुलगी, अंगात तपकिरी स्वेटर, सैल वेणी, आणि बघणाऱ्याच्या दिशेने मागे केलेला उघडा हात. तिच्या मागे कोणीच नव्हतं. मागे होता तो चित्र बघणारा. आपण काय करून बसलो हे त्याला कळत होतं, आणि चित्र उत्तम झालंय हेही कळत होतं. खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्याला चित्र साधल्याचाच आनंद जास्त झाला.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी तो स्टुलावर जाऊन बसला. पहिला आला तो शिंपी. दुसरं एकही चित्र न आठवता त्याने सुरुवातच त्या मुलीपासून केली. मग शिक्षिका, मग पोस्टमन, मग कोणी विद्यार्थिनी. सगळ्यांना ती आठवत होती. बाईंचं पेन थांबत नव्हतं, आणि आडोशामागे त्याचा जीव भांड्यात पडला होता.

“आणि?” बाईंनी शिंप्याला विचारलं होतं.

“आणि तिच्या हाताला भाजल्याचा डाग आहे. मागच्या बाजूला, मनगटाच्या वर.”

तेव्हा चित्रकाराने ते सोडून दिलं. पण पोस्टमनने तेच सांगितलं, आणि विद्यार्थिनीने तर डागाचा आकारही सांगितला, चिंचोक्याएवढा म्हणून, तेव्हा त्याने आडोशाला कान लावला. ताईच्या हाताला तसा डाग होता. लहानपणी तो तापलेल्या किटलीकडे झेपावला तेव्हा त्याला बाजूला ओढताना तिला भाजलं होतं. पण चित्रात हाताचा तळवा दिसत होता. हाताची पाठ त्याने काढलीच नव्हती, आणि काढली असती तरी चार सेकंदांत कोणाला दिसली असती?

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने डोळे मिटून तो डाग आठवायचा प्रयत्न केला. डाग होता हे त्याला माहीत होतं. किटलीची हकीकतही माहीत होती. पण ती दुसऱ्या कोणाकडून ऐकलेली असावी तशी माहीत होती. डाग काही केल्या दिसेना. हात दिसत होता, आणि त्याची पाठ स्वच्छ होती.

चित्र छापून झालं. चौकाचौकांतल्या खांबांवर लागलं. महिना भरताच साहेबांनी त्याला बोलावून स्वतः चहा पाजला, यावरून काय ते समजावं. शाळेजवळच्या चौकात त्या महिन्यात एकही अपघात झाला नव्हता. तो मुद्दाम जाऊन बघून आला. सिग्नल हिरवा असो वा लाल, माणसं कडेला येऊन आपोआप थांबत होती, आणि थांबताना प्रत्येक जण अर्धं पाऊल मागे सरत होता, छातीला काही टेकल्यासारखा. एक जाडजूड गृहस्थ, हातात भाजीची पिशवी, तोही तसाच सरला आणि स्वतःशी हसला. चित्रकाराला अभिमान वाटायला हवा होता. त्याला एखाद्याने आपला स्वेटर न विचारता अंगात घातलेला दिसावा तसं वाटलं.

चित्र लोकांच्या मनात किती टिकतं ते बघायला दर महिन्याला पुन्हा तीस माणसं बोलावली जायची. दुसऱ्या महिन्यात ती माणसं सांगू लागली की ती मुलगी एक चप्पल घासत चालते, उजवी. तिला गणित येत नाही, ती बोटं मोजते. तिच्या दप्तराला खोडरबराचा वास येतो. एकेक वाक्य आडोशापलीकडून येत होतं आणि खरं होतं, आणि ते ऐकल्यावर घरी जाऊन आठवायला गेलं की त्याच्याकडे ते नसायचं. तिसऱ्या महिन्यात एक म्हातारा घड्याळजी आला. बाई दोनदा ‘आणि?’ म्हणाल्या.

“आणि ती मला शेपूट म्हणायची,” घड्याळजी म्हणाला, आणि रुमालाने डोळे टिपू लागला.

तो स्टुलावरून उठला तो थेट साहेबांच्या खोलीत गेला. “हे चित्र काढून घ्या,” तो म्हणाला. “मी दुसरं देतो. याच्याहून चांगलं देतो.”

साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. मग एक कागद पुढे केला. तीन महिने, सगळ्या चौकांत मिळून, शून्य. “काय दोष आहे चित्रात?” त्यांनी मनापासून विचारलं.

दोष सांगण्यासारखा नव्हता. लोकांना माझी बहीण आठवते असं म्हणायला त्याचं तोंड उघडेना. म्हटलं असतं तरी साहेबांनी अभिनंदनच केलं असतं. आणि शून्याच्या पुढे तो तरी काय बोलणार? एखादं पोर गाडीखाली येऊ दे पण माझी ताई मला परत द्या, असं ताईच्याच भावाने कोणत्या तोंडाने म्हणावं?

त्याने मग जे जे उरलंय ते वहीत लिहून काढायला घेतलं. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं की कोणा परक्या मुलीचं वर्णन वाचल्यासारखं वाटे. ‘शेपूट’ हा शब्द मात्र त्याने एका चिठ्ठीवर लिहून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. एवढा तरी आपल्याकडे राहू दे, असं तो स्वतःशी म्हणाला. त्या आठवड्यात तो खिशावर सारखा हात ठेवून बघायचा.

एका रविवारी दुपारी बायको मटार सोलत बसली होती. तिचे हात मध्येच थांबले.

“आज ताईची फार आठवण येतेय,” ती म्हणाली.

त्याने पेपर खाली ठेवला. लग्न झालं तेव्हा ताईला जाऊन सहा वर्षं झाली होती. “कोणाच्या ताईची?”

“कोणाच्या काय? माझ्या.” ती हसली, पण तिचा आवाज ओला होता. “रस्त्यात मी तिचा हात सोडून पळायचे ना, तर असा हात मागे धरायची. छातीवर.”

“अगं, तू एकुलती एक आहेस.”

“हो,” बायको म्हणाली. थोडा वेळ तिने त्यावर विचार केला. “तेच तर मलाही कळत नाही.” आणि ती पुन्हा मटार सोलू लागली. मग जरा वेळाने, जणू त्याचं समाधान करावं म्हणून, तिने विचारलं, “तुम्हाला तिचा चेहरा सांगू का?”

नको म्हणावं असं त्याला वाटलं. पण तो नुसता ऐकत राहिला. ती सांगत गेली, भुवईतला खंड, वरच्या ओठाची ठेवण, हसताना बारीक होणारा डावा डोळा. फार प्रेमाने सांगत होती. भांड्यात मटार पडल्याचा आवाज येत होता. ती सांगून थांबली तेव्हा त्याने ऐकलेल्या गोष्टी एकत्र करून बघितल्या, जशा तो कामाच्या वेळी करत असे, आणि त्यातून त्याच्या डोळ्यांसमोर कोणीच उभं राहिलं नाही. त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण रडायचं कशासाठी तेही त्याला आता दुसऱ्यांकडूनच कळत होतं.

सहाव्या महिन्याच्या चाचणीला एकोणतीसच माणसं आली. बाई दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. तो त्यांच्याजवळ गेला.

“मी बसतो,” तो म्हणाला.

“तुम्हाला चालत नाही. तुमचं चित्र आहे त्यात.”

“बाई, बसू द्या.”

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत त्याने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी बाजूला होऊन त्याला आत घेतलं. त्याने सगळ्यांबरोबर चहा घेतला, भिंतीवर बारा चित्रं बघितली, प्रत्येक चार सेकंद, आणि सगळ्यांबरोबर घरी गेला. एका चित्राच्या वेळी आजूबाजूच्या माणसांनी एकदम श्वास घेतल्याचा आवाज झाला होता. कशासाठी, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई समोर कागद घेऊन बसल्या. “काल काय पाहिलं?”

तो धंद्यातला माणूस. त्याने लिफ्ट सांगितली, बाटली सांगितली, जिना सांगितला, कोपऱ्यातल्या बादलीचा रंगही सांगितला. अकरा चित्रं त्याने घडाघडा सांगितली.

“आणि?”

“आणि एक रस्ता होता. फुटपाथची कड. पलीकडे शाळेचं फाटक. चित्र अर्धवट वाटलं मला.”

बाईंचं पेन कागदावर टेकून राहिलं. “आणि?” त्या म्हणाल्या. नियमाप्रमाणे त्यांना एवढंच म्हणता येत होतं. त्यांनी ते पुन्हा म्हटलं, जरा हळू, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. “आणि?”

“आणि कोणी नव्हतं,” तो म्हणाला. “रिकामाच होता.”

बाईंनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. कागद सहीसाठी पुढे केला. पेनासाठी त्याने खिशात हात घातला तर एक चिठ्ठी हाताला लागली. त्याच्याच अक्षरात तिच्यावर एक शब्द लिहिलेला होता. कसलं तरी सामान आणायचं राहिलं असेल असं त्याला वाटलं, पण असं काय सामान असतं ते काही लक्षात येईना. त्याने सही केली आणि चिठ्ठी टेबलाशेजारच्या टोपलीत टाकली. बाईंनी कागद फायलीत लावला. चित्राचं काम कसं चाललंय ते आता तुम्हीच बघा, मला काही जमेनासं झालंय, असं काहीतरी तो हसून म्हणाला आणि निघाला.

बाहेर लख्ख ऊन होतं. शाळा सुटायची वेळ, चौकात ही गर्दी. खांबावर रस्त्याचं ते अर्धवट चित्र लावलेलं होतं, आणि येणारी जाणारी माणसं त्याच्याकडे आपल्या घरचं कोणी असावं तशी बघत होती. तो कडेपाशी पोचला. आजूबाजूला शिंपी होता, दोन शिक्षिका होत्या, दप्तरं घेतलेली मुलं होती. उजवीकडून गाड्या भरधाव येत होत्या.

“ए शेपूट, थांब.”

कोणा मुलीने हाक मारली होती, अगदी जवळून. कडेची सगळी माणसं एकदम थांबली आणि अर्धं पाऊल मागे सरली. कोणाला बरं एवढ्या मायेने हाक मारतेय, म्हणून त्यानेही कौतुकाने एकदा वळून पाहिलं, आणि पाऊल रस्त्यावर टाकलं.